सवलत घेण्याआधी तिची किंमत काढा: यॉट रेसिंगचा धडा

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण 'सवलत' या विषयावर बोललो. त्यातल्या यॉट रेसिंगच्या उदाहरणाचा पूर्ण हिशोब इथे मांडतो. कागद-पेन घेऊन बसा.

रेटिंग म्हणजे काय?

अमेरिकेतल्या क्लबच्या शर्यतींत लहान-मोठ्या शिडाच्या बोटी एकत्र धावतात. सामना बरोबरीचा व्हावा म्हणून तिथे पीएचआरएफ ही हँडिकॅप पद्धत वापरतात. प्रत्येक बोटीला एका सागरी मैलामागे ठरावीक सेकंद मिळतात. आकडा मोठा, म्हणजे बोट हळू. शर्यतीला लागलेल्या वेळेतून 'रेटिंग गुणिले अंतर' वजा करायचं.

समजा, शर्यत 12 मैलांची आहे. एका बोटीचं रेटिंग 120, दुसरीचं 150. फरक 30 सेकंद. 30 × 12 = 360 सेकंद, म्हणजे 6 मिनिटं. पहिली बोट 6 मिनिटांपेक्षा जास्त पुढे राहिली, तरच ती जिंकली.

लक्षात ठेवा, रेटिंग बोटीचं असतं, माणसांचं नाही. बोट नीट राखलेली आहे आणि उत्तम चालवली जाते, असं धरूनच आकडा ठरतो. तळ शेवाळलेला, शीड जुनं? त्याची सवलत मिळत नाही.

शिडाचा नियम

पुढच्या मोठ्या शिडाला जेनोआ म्हणतात. त्याची रुंदी टक्क्यांत मोजतात. डोलकाठीपासून पुढच्या तारेपर्यंतचं अंतर 10 फूट असेल आणि शिडाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कोपऱ्यापर्यंतचं लंब अंतर 15 फूट असेल, तर ते शीड 150 टक्क्यांचं. बऱ्याच ठिकाणी 150 किंवा 155 टक्के ही मूळ मर्यादा असते. त्याहून मोठं शीड लावलं तर दंड, ठरावीक मापाहून लहान लावलं तर क्रेडिट. किती सेकंद, ते स्थानिक संघटना ठरवते. हे बदल बहुधा 3 सेकंदांच्या पटीत होतात.

आता खरा हिशोब

समजा, लहान शिडासाठी 6 सेकंदांचं क्रेडिट मिळालं. 12 मैलांत झाले 72 सेकंद. फुकट मिळाले? थांबा!

वाऱ्याच्या दिशेने परत येताना स्पिनेकर हे फुग्यासारखं शीड लावतात, तेव्हा जेनोआ उतरवलेला असतो. म्हणजे लहान शिडाचा तोटा फक्त वाऱ्याविरुद्धच्या, समजा, 6 मैलांत होणार. क्रेडिट मात्र 12 मैलांचं. तेव्हा त्या 6 मैलांत मैलामागे 12 सेकंदांपेक्षा कमी गमावले, तर तुम्ही नफ्यात.

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत उन्हाळ्यात दुपारी जोराचा वारा असतो. तिथे मोठं शीड तसंही झेपत नाही, त्यामुळे क्रेडिट बहुतेक नफ्याचंच. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड साउंडमध्ये उन्हाळ्यात वारा बऱ्याचदा मंद असतो. तिथे मोठं शीड हेच बोटीचं इंजिन. तेच 6 सेकंदांचं क्रेडिट तिथे महागात पडू शकतं.

आणि अट विसरू नका. शिडाचं माप रेटिंगच्या सर्टिफिकेटवर नोंदलेलं असतं. वारा पडला म्हणून त्या दिवशी मोठं शीड बाहेर काढता येत नाही.

तुमच्या धंद्यात

जीएसटीची कंपोझिशन स्कीम आठवा. कर कमी, कागदपत्रं कमी. पण खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट नाही, आणि परराज्यात माल विकता येत नाही. पुण्यातल्या गल्लीतल्या दुकानाला हे चालेल. बेळगावला माल पाठवायची ज्याची तयारी आहे, त्याला नाही चालणार.

म्हणून कुठलीही सवलत घेण्याआधी वहीत तीन प्रश्न लिहा:

1. या सवलतीतून मला नक्की किती मिळणार?
2. त्या बदल्यात मी काय सोडतोय, आणि वर्षातले किती दिवस ते मला खरंच लागतं?
3. परिस्थिती बदलली तर मधेच बाहेर पडता येईल का?

दुसऱ्याचं उत्तर आकड्यात आलं नाही, तर सही करू नका. शेजाऱ्याने घेतली म्हणून तर नकोच. त्याचा वारा वेगळा, तुमचा वेगळा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!