भिंग कॅटलॉगात नाही, वावरात ठरतं

उटनूरकडच्या पोरा, कपाशीतल्या कामगंध सापळ्यावर कॅमेरा बसवायचा तुझा बेत चांगला आहे. शेजारच्या विदर्भात २०१७ साली गुलाबी बोंडअळीने काय हाल केले ते तुझ्या घरच्यांनीही ऐकलेलं असेल. पण भिंग कोणतं घेऊ, हा प्रश्न तू फार लवकर विचारतोस. भिंगांच्या धंद्यात माझे केस पांढरे झाले. त्यातून सांगतो, भिंग सगळ्यात शेवटी ठरतं. आधी काम ठरव.

काम असं आहे. सापळ्यातल्या गॉसिप्ल्युअर या कामगंधाच्या वासाने नर पतंग येतात आणि चिकट कार्डावर अडकतात. एका सापळ्यात सलग ३ रात्री, दर रात्री ८ पतंग सापडले की अळीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असं धरतात आणि मग फवारणीचा विचार होतो. म्हणजे कॅमेऱ्याने रोज पहाटे कार्डाचा एक फोटो काढायचा आणि रात्रीत नवे किती आले ते सांगायचं. पतंग जेमतेम ८ ते १० मिलिमीटरचा, राखाडी-तपकिरी. कार्डावर बाकीचे किडेही चिकटलेले असणारच. ही यादी समोर ठेव आणि मग पुढचं ऐक.

मोजपट्टी आधी काढ. कार्ड २०० मिलिमीटर रुंद आणि १५० लांब आहे, कॅमेरा त्याच्या वर २०० मिलिमीटरवर आहे असं धरू. आता तुझ्या सेन्सरची रुंदी बघ. रास्पबेरी पायच्या एम१२ आट्याच्या हाय क्वालिटी कॅमेऱ्यात सोनीचा आयएमएक्स४७७ असतो, त्याची रुंदी सुमारे ६.३ मिलिमीटर. सेन्सरची रुंदी गुणिले अंतर, भागिले जेवढी रुंदी दिसायला हवी तेवढी: ६.३ गुणिले २००, भागिले २१०. उत्तर ६. म्हणजे ६ मिलिमीटर फोकल लेंग्थचं भिंग. कार्ड पूर्ण बसतं, काठाला थोडा हातचाही राहतो. ‘सगळं दिसेल’ म्हणून २.८ मिलिमीटरचं रुंद भिंग घेतलंस, तर त्याच अंतरावरून ४५० मिलिमीटर रुंदी दिसेल. त्यातली अर्ध्याहून जास्त जागा सापळ्याच्या भिंतींनी खाल्लेली, आणि कडेचे पतंग दबून वाकडे झालेले. दिसण्यापेक्षा मोजता येणं महत्त्वाचं.

इंचाला भुलू नकोस. सेन्सरवर १/२.३ इंच लिहिलेलं असतं. त्या इंचाचे २५.४ मिलिमीटर होत नाहीत. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या मापावरून ही रीत पडली. ‘१ इंची’ सेन्सरचा कर्णही १६ मिलिमीटरच्या आसपासच असतो. आयएमएक्स४७७ चा कर्ण ७.९ मिलिमीटर आहे. दुकानदार १/३ इंची सेन्सरचं भिंग स्वस्तात देईल, पण त्याची प्रतिमा ६ मिलिमीटरच्या वर्तुळाची असते. ते बसेल व्यवस्थित, कारण एम१२ चा आटा सगळ्यांचा सारखाच, १२ मिलिमीटर व्यासाचा. फक्त चारही कोपरे काळे येतील आणि कोपऱ्यातले पतंग मोजणीतून गळतील. आटा जुळला म्हणजे भिंग जुळलं असं नाही.

मेगापिक्सेलचा शिक्का वाचून घेऊ नकोस. ४०५६ पिक्सेल २१० मिलिमीटरवर पसरले, तर एका मिलिमीटरला १९ पिक्सेल येतात आणि ८ मिलिमीटरचा पतंग दीडशे पिक्सेलचा होतो. मोजायला याचा चौथा हिस्साही पुरतो. म्हणून ‘१२ मेगापिक्सेल’ छापलेलं महाग भिंग तुझ्या कामाला लागत नाही. कडेपर्यंत सारखं स्पष्ट दिसणारं साधं भिंग लागतं. छिद्राचंही तसंच. या छोट्या भिंगांचं छिद्र बहुधा कायमचं ठरलेलं असतं, त्यामुळे घेतानाच विचार कर. एफ/८ चं बारीक छिद्र घेतलंस, तर प्रकाशाच्या स्वभावामुळेच प्रत्येक ठिपका सुमारे ११ मायक्रॉनचा होतो. तुझा पिक्सेल १.५५ मायक्रॉनचा, म्हणजे एक ठिपका सात पिक्सेलांवर सांडला. एफ/२.८ वर तोच ठिपका ४ मायक्रॉनच्या आत राहतो, आणि कार्डाच्या वर-खाली मिळून सुमारे २० मिलिमीटर खोली स्पष्ट दिसते. कार्ड थोडं वाकलं तरी चालून जातं.

फोकसपाशी घोडं पेंड खातं. एम१२ चा आटा अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे एक पूर्ण फेरा फिरवला की भिंग अर्धा मिलिमीटर सरकतं. दूरच्या डोंगरावरून २०० मिलिमीटरवरच्या कार्डावर फोकस आणायला फेऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त फिरवणं पुरतं. आणि एफ/२.८ वर सेन्सरच्या बाजूला चूक खपते ती अवघी १७ मायक्रॉन. घड्याळाचा मिनिटकाटा दोन मिनिटांत जेवढा सरकतो, भिंग तेवढंच फिरलं की ही मुभा संपली.

आता आदिलाबादची हवा धर. सप्टेंबरच्या दुपारी उन्हातल्या डब्यात ५० अंश, डिसेंबरच्या पहाटे १० किंवा त्याहूनही खाली. फरक ४० अंशांचा. भिंग धरणारी नळी एबीएस प्लास्टिकची आणि १० मिलिमीटर उंच असेल, तर तेवढ्या फरकाने ती सुमारे ३० मायक्रॉन आखडते. फोकस गेला. तीच नळी अ‍ॅल्युमिनियमची असली, तर ९ मायक्रॉनवर भागतं. म्हणून नळी धातूची घे आणि भिंग काचेचं घे, कारण प्लास्टिकची भिंगं तापमानाने स्वतःही बदलतात. आणखी एक. पतंग रात्री उडतात, फोटो पहाटे निघणार. मग फोकस दुपारी टेबलावर कशाला लावतोस? पहाटे वावरात जाऊन, फोटोच्या वेळच्या थंडीत लाव.

एकदा लावलं की हलू देऊ नकोस. नवे पतंग मोजायचे म्हणजे आजच्या फोटोतून कालचे वजा करायचे. भिंग आट्यात जरा ढिलं असलं, तर अख्खं चित्र सरकतं आणि जुने पतंग नवे म्हणून मोजले जातात. लॉक रिंग आवळ, वर नेलपॉलिशचा एक थेंब टाक. उद्या नेलपॉलिशला चीर दिसली, तर भिंग हललं हे डोळ्यांनाच कळेल. किराणा दुकानात मिळणारा झटपट चिकटणारा गोंद मात्र भिंगाजवळ आणू नकोस. त्याची वाफ काचेवर पांढरी साय धरते.

उजेड भिंगाइतकाच महत्त्वाचा. रंगावरून पतंग ओळखायचे असतील तर पांढरे एलईडी लाव, दोन्ही बाजूंनी तिरपे. समोरून लावलेस तर चिकट थर चमकतो. फोटोपुरतेच पेटव, नाहीतर दिव्यावर भलतेच किडे गोळा होतील. भिंगामागे इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर आहे की नाही हे घेतानाच विचार. तो नसला तर रंग गुलाबट येतात आणि फोकसही मऊ पडतो.

हिवाळ्यात इकडे दव पडतं. डबा बंद ठेव, आत सिलिका जेलची पुडी टाक आणि ती बदलत राहा. भिंगापुढे साधी सपाट काच लाव, म्हणजे पुसताना ओरखडा काचेवर पडेल, भिंगावर नाही.

कोणी म्हणेल, कवालच्या जंगलातल्या ट्रॅप कॅमेऱ्याचं भिंग इथे वापर. ते काम वेगळं. तिथे वाघ काही मीटरवरून चालत जातो, रात्री इन्फ्रारेड उजेडात त्याच्या कुशीवरचे पट्टे टिपायचे असतात. त्यासाठी जास्त उजेड घेणारं, इन्फ्रारेडमध्येही फोकस न हलणारं भिंग लागतं. दुसऱ्याच्या कामासाठी चांगलं ठरलेलं भिंग तुझ्याही कामाचं असेल असं समजू नकोस.

घेताना दुकानदाराकडून चार आकडे लेखी माग: प्रतिमेच्या वर्तुळाचा व्यास, एफ क्रमांक, चित्राचा वाकडेपणा (डिस्टॉर्शन) किती टक्के, आणि सेन्सरवर किरण किती कोनात पडतात तो चीफ रे अँगल. शेवटचा आकडा सेन्सरशी जुळला नाही, तर कडांना रंग फिरतात. आकडे मिळाले नाहीत तर दुकान बदल. उटनूरला माल नागपूरहून किंवा हैदराबादहूनच यायचा, चुकीचं भिंग परत करण्यात हंगामाचे दिवस जातात. एका जातीचे दोन-तीन नग मागव, कारण स्वस्त भिंगांत एक नग दुसऱ्यासारखा निघेलच असं नाही. मग कार्डाच्या जागी वर्तमानपत्राचा कागद ठेव, फोटो काढ आणि चारही कोपऱ्यांतली बारीक अक्षरं वाच. ज्याची चारही टोकं वाचता येतात ते ठेव.

आणि हे लक्षात असू दे. तुझ्या आकड्यावर कोणीतरी फवारणी करणार आहे किंवा करणार नाही. आकडा जास्त आला तर औषध वाया, कमी आला तर बोंडं वाया. दोन्हीचा भुर्दंड शेतकऱ्यालाच. म्हणून पहिला आठवडा कॅमेऱ्याची मोजणी आणि हाताने केलेली मोजणी रोज पहाटे ताडून बघ. दोन्ही जुळल्याशिवाय दुसरा सापळा उभा करू नकोस.