चीनचा कांगशी बादशहा

वाचकहो, राजानें पुष्कळ वर्षें राज्य केलें एवढ्यावरून तो थोर ठरत नाहीं; आयुष्याची दोरी कोणाच्याही हातची नसते. मिळालेल्या वर्षांचें त्यानें काय केलें, हें पाहिलें पाहिजे. ह्या दृष्टीनें आज आपण चीनच्या कांगशी बादशहाचें चरित्र पाहूं. तो इ. स. १६६१ पासून १७२२ पर्यंत, म्हणजे ६१ वर्षें, गादीवर होता. चीनच्या दुसऱ्या कोणत्याही बादशहाची कारकीर्द इतकी लांब झाली नाहीं.

बालपण. त्याचा जन्म १६५४ सालीं झाला. त्याचें घराणें मांचू होतें. चिनी लोकांस तें परकें वाटे. बाप शुन्झी बादशहा देवीच्या रोगानें वारला, तेव्हां मुलगा सात वर्षांचाही नव्हता, व तो थोरला पुत्रही नव्हता. परंतु त्याला देवी येऊन गेल्या होत्या, आणि ज्यास त्या एकदां आल्या त्यास पुन्हां येत नाहींत, हें जाणून त्याची निवड झाली. राज्यकारभार चार सरदारांच्या हातीं होता. त्यांतील ओबोई नांवाचा सरदार फार माजला, तेव्हां १६६९ सालीं ह्या पंधरा वर्षांच्या राजानें त्यास कैद करून सत्ता आपल्या हातीं घेतली.

सावलीची परीक्षा. त्या काळीं पेकिंग येथील दरबारीं पंचांगाविषयीं मोठा वाद माजला होता. आदाम शाल नांवाच्या जेझुइट पाद्र्यास १६६४ सालीं कैदेंत टाकलें, आणि पुढील वर्षीं त्याच्या हाताखालील पांच चिनी ख्रिस्ती ज्योतिष्यांस देहांत शिक्षा झाली. धरणीकंप झाल्यावर शाल सुटला, पण १६६६ सालीं वारला. मग तरुण बादशहानें तोंडच्या वादास पुरे म्हटलें, व खांबाची सावली माध्यान्हीं कोठवर पडेल तें दोन्ही पक्षांनीं आगाऊ सांगावें, अशी आज्ञा १६६८ सालाच्या अखेरीस केली. व्हर्बीस्त नांवाच्या पाद्र्याचें गणित बरोबर निघालें. बादशहा पुढें सांगत असे कीं, त्या वेळीं दरबारांत एकासही हें गणित कळत नव्हतें. ज्यास स्वतःला कळत नाहीं त्यानें दुसऱ्याचा न्याय कसा करावा, म्हणून आपण शिकण्यास बसलों. राज्याचा धनी असून तो परदेशी पाद्र्यांपुढें शिष्य होऊन भूमितीचे धडे गिरवूं लागला.

राज्य. १६७३ सालीं दक्षिणेकडील सरदारांनीं बंड केलें. तें मोडण्यास आठ वर्षें लागलीं. १६८३ सालीं फोर्मोसा बेट राज्यास जोडलें गेलें. १६८९ सालीं रशियाशीं तह झाला. त्यांत दोन जेझुइट पाद्री दुभाषे होते. पीत नदीचे बांध नीट आहेत कीं नाहींत हें पाहण्यास बादशहा स्वतः जाई. १७१२ सालीं त्यानें ठरविलें कीं, डोईपट्टी भरणाऱ्यांची संख्या आहे तेवढीच कायम राहावी. घरांत माणसें वाढलीं म्हणून पट्टी वाढूं नये. गरीब कुटुंबास ह्याचा अर्थ काय, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

दार उघडलें व मिटलें. १६९२ सालीं त्यानें ख्रिस्ती उपासनेस मोकळीक दिली. पुढील वर्षीं तो हिंवतापानें आजारी असतां, जिच्यापासून कोयनेल होतें ती झाडाची साल देऊन पाद्र्यांनीं त्यास बरें केलें. तेव्हां त्यानें त्यांस घर व देवळासाठीं जागा दिली. परंतु चिनी ख्रिस्त्यांनीं पितरांस व कन्फ्यूशियसास मान द्यावा कीं नाहीं, ह्यावर तंटा उठला. हा केवळ लौकिक आदर आहे असें बादशहा म्हणे. रोमच्या पोपानें १७१५ सालीं तो निषिद्ध ठरविला. तें पत्र वाचून १७२१ सालीं बादशहानें मिशनऱ्यांच्या उपदेशाची गरज नाहीं असें लिहिलें, आणि १७२४ सालीं त्याच्या पुत्रानें ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. मोठ्यांच्या ह्या तंट्याचें फळ खेड्यापाड्यांतील साध्या विश्वासणाऱ्यांस भोगावें लागलें.

घर. थोर राजाचें दुःख मात्र घरांत होतें. यिनरेंग नांवाच्या पुत्रास त्यानें तान्हेपणींच युवराज केलें व त्यावर अतिशय माया केली. तो उद्दाम निघाला. १७०८ सालीं त्यास पदच्युत करितांना बाप सर्वांदेखत रडून भुईवर पडला. पुढील वर्षीं त्यानें त्यास पुन्हां युवराज केलें, व १७१२ सालीं पुन्हां काढलें. भाऊ भावांचे वैरी झाले. उघडपणें वारस न नेमतां बादशहा १७२२ च्या डिसेंबरांत वारला, आणि त्याची खरी इच्छा कोणती होती, हा वाद मागें राहिला. अबशालोमासाठीं रडणारा दावीद येथें कोणास आठवणार नाहीं?

बोध. ह्या राजानें तक्तावर बसून आपलें अज्ञान कबूल केलें, ह्यांत त्याच्या कारकीर्दीचें बळ होतें. मंडळीस शिकविणाऱ्या आम्हां सर्वांस तें अनुकरणीय आहे. परंतु पंचांगाचा वाद त्यानें सावली मोजून तोडला. लाडक्या पुत्राच्या बाबतींत त्याला हातीं माप धरवेना. दुसऱ्यांच्या घरचे तंटे तोडणाऱ्या पंचानें व उपदेशकानें हें विसरूं नये.

विचारासाठीं प्रश्न. १. बादशहा गणित शिकण्यास कां बसला? २. पितरांच्या मानाविषयींच्या तंट्यांत कोणाची हानि झाली? ३. आपल्या मुलांच्या बाबतींत आपण कोणतें माप धरितों?