कृती लिहिली, निरीक्षण राहिले

तुमची प्रयोगवही उघडा. पान कोणतेही असो, मथळे ठरलेले असतात : उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. आता समजा, यातला 'निरीक्षण' हा मथळा कोणी खोडून टाकला. 'परीक्षानळीत चुन्याची निवळी घ्या, तीत काचनळीने फुंका' एवढेच वहीत उरले. तुम्ही फुंकू लागाल, पण थांबायचे केव्हा? निवळी दुधाळ होते हे ज्याला ठाऊक नाही तो फुंकतच राहील. गंमत अशी की फार वेळ फुंकले तर दुधाळ झालेली निवळी पुन्हा स्वच्छ होते. म्हणजे प्रयोग बरोबर करूनही 'काहीच झाले नाही, मला जमत नाही' असे म्हणून तो विद्यार्थी उठेल.

संगणकात नवे सॉफ्टवेअर कसे बसवावे हे सांगणारी बहुतेक सूचनापत्रके अशीच असतात. इथे टिचकी मारा, तिथे 'नेक्स्ट' दाबा, मग 'फिनिश' दाबा. सगळी कृतीच कृती. असे एक पत्रक मीही लिहिले होते. त्याची हकिकत सांगतो, कारण त्या पत्रकातली चूक आकाशातल्या एका ताऱ्याने दाखवून दिली.

'स्टेलॅरियम' हे सॉफ्टवेअर तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. संगणकाच्या पडद्यावर आकाश दाखवणारे हे तारांगण फॅबियन शेरो या फ्रेंच तरुणाने २००० साली लिहायला घेतले. ते सर्वांना मोफत मिळते आणि त्याची पहिली पूर्ण आवृत्ती, म्हणजे १.०, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये निघाली. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या काही ओळखीच्या शिक्षकांनी ते आपल्या शाळेत बसवावे म्हणून मी एक पानभर सूचना लिहिल्या. पेन ड्राइव्हवर फाइल आणि सोबत तो कागद. लिहिलेली प्रत्येक पायरी मी माझ्या संगणकावर करून पाहिली होती, त्यामुळे मनात शंका नव्हती.

लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत डिसेंबरमधल्या एका सकाळी, अकराच्या सुमारास, ते सॉफ्टवेअर सुरू झाले. बाहेर लख्ख ऊन आणि पडद्यावर काळोखी रात्र! शिक्षकांना वाटले, तारांगण म्हटल्यावर रात्रच दाखवणार. पडद्याच्या तळाशी साडेसहा वाजलेले दिसत होते. संगणकाचे घड्याळ चुकले असेल म्हणून त्यांनी तेही सोडून दिले. मुलांना ध्रुवतारा दाखवला, नक्षत्रे दाखवली. तास छान झाला.

त्या वर्गातल्या नववीतल्या एका मुलीने संध्याकाळी घराच्या गच्चीवर एक साधी गोष्ट केली. हात लांब ताणून धरला की आपली मूठ डोळ्यांशी साधारण १० अंशांचा कोन करते, हे तिला शाळेतच सांगितलेले होते. तिने उत्तरेला क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत ध्रुवतारा मोजला. दोन मुठी पुऱ्या भरल्या नाहीत. पडद्यावर तर त्याचे उन्नतांश ४९ दिसले होते, म्हणजे जवळजवळ पाच मुठी! दुसऱ्या दिवशी तिने सरांना विचारले, "सर, आकाश चुकलंय की कॉम्प्युटर?"

शिक्षकांचा मला फोन आला आणि मीही क्षणभर गोंधळलो. मग ४९ हा आकडा डोक्यात घोळू लागला. ध्रुवताऱ्याचे उन्नतांश म्हणजे त्या ठिकाणाचे अक्षांश, हे भूगोलात तुम्ही वाचले आहे. विषुववृत्तावर ध्रुवतारा क्षितिजाला टेकलेला असतो, उत्तर ध्रुवावर तो डोक्यावर असतो. अधल्यामधल्या ठिकाणी जितके अक्षांश तितकीच त्याची उंची, फार तर पाऊण अंश इकडेतिकडे. लातूरचे अक्षांश सुमारे १८.४, म्हणजे मुलीची मूठ बरोबरच होती. मग ४९ कोणाचे? पॅरिसचे! स्टेलॅरियमला आपण कोठे आहोत हे कोणी सांगितले नाही आणि इंटरनेटवरूनही कळले नाही, तर ते स्वतःला पॅरिसमध्ये समजते. शाळेत इंटरनेट नव्हते. हिवाळ्यात पॅरिसचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, म्हणून साडेसहा. आणि डिसेंबरमध्ये तिथे सकाळी साडेसहाला अजून अंधार असतो, म्हणून रात्र. संगणकाने एकही चूक केली नव्हती. वर्गाने तासभर पॅरिसचे आकाश पाहिले होते.

मग माझ्या तपासणीत हे का आले नाही? कारण माझ्या संगणकात ठिकाण फार पूर्वीच भरून ठेवलेले होते. सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवले तरी अशी माहिती बहुधा मागे शिल्लक राहते. मी धुतलेले नाही असे पात्र घेऊन रसायनशास्त्राचा प्रयोग केला होता, असे म्हणा ना. तेव्हापासून एक नियम पाळतो : ज्या संगणकात ते सॉफ्टवेअर कधीच नव्हते अशा संगणकावर पत्रक तपासायचे.

पण नवा संगणक पुरत नाही, नवा माणूसही लागतो. दुसरे पत्रक लिहिल्यावर मी अकरावीतल्या एका मुलाला ते दिले, शेजारी बसलो आणि तोंड बंद ठेवले. (शिक्षकाला याहून अवघड काम नसेल.) पत्रकात होते, 'एफ ६ ही कळ दाबा, ठिकाणाची चौकट उघडेल.' त्याने कळ दाबली आणि पडदा अंधुक झाला. त्याच्या लॅपटॉपवर त्या कळेला उजेड कमी करण्याचे काम दिलेले होते. 'एफ एन' ही कळ दाबून धरून एफ ६ दाबायची असते, हे माझ्या बोटांना इतके सवयीचे झाले होते की डोक्याला त्याची आठवणच नव्हती. पुढची अडचण याहून साधी होती. मी सगळीकडे 'पुढे' असा शब्द वापरला होता आणि पडद्यावर होते 'नेक्स्ट', तेही इंग्रजी अक्षरांत. तो पडद्यावर 'पुढे' शोधत राहिला. वाक्य मराठीत असावे, पण बटणावरची अक्षरे पडद्यावर दिसतात तशीच छापावीत. मराठीच्या प्रेमापायी त्यांचे भाषांतर करू नये.

हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत आय.बी.एम.च्या संशोधन केंद्रात जॉन कॅरोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्यालयातल्या नवशिक्या माणसांना जाडजूड माहितीपुस्तके देऊन संगणकासमोर बसवले आणि नुसते पाहिले. माणसे पुस्तक क्रमाने वाचतच नव्हती. थोडे वाचायचे, करून पाहायचे, चुकायचे, आणि चुकीतून बाहेर पडण्यातच वेळ घालवायचा. तेव्हा त्यांनी पुस्तक पुष्कळ लहान केले, पण चूक कशी ओळखावी आणि ती कशी निस्तरावी हे मात्र त्यात मुद्दाम घातले. लोक त्यावरून लवकर शिकले.

आपल्याकडे मुंबईच्या आय.आय.टी.त प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी सुरू केलेल्या 'स्पोकन ट्यूटोरियल' या उपक्रमात हीच काळजी घेतलेली दिसते. दहाएक मिनिटांची चित्रफीत असते. पडदा इंग्रजीच राहतो, पण आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळतो. चित्रफीत एका बाजूला आणि आपले सॉफ्टवेअर दुसऱ्या बाजूला उघडून, थांबवत थांबवत बरोबरीने करत जायचे असते. म्हणजे प्रत्येक कृतीनंतरचे निरीक्षण समोरच दिसते. शिवाय ध्वनिमुद्रणाआधी त्या पाठाची संहिता विषय न जाणणाऱ्या व्यक्तीकडून तपासून घेतात. छापील कागदावर हलते चित्र नाही, म्हणून तिथे निरीक्षण शब्दांत लिहावे लागते, एवढाच फरक.

बारावीच्या प्रयोगशाळेत मीटर ब्रिज नावाचे उपकरण असते. जोडणी झाल्यावर आम्ही मुलांना लगेच वाचन घेऊ देत नाही. आधी जॉकी तारेच्या एका टोकाला टेकवा, मग दुसऱ्या. गॅल्व्हानोमीटरचा काटा दोन वेळा विरुद्ध दिशांना वळला तर जोडणी ठीक. एकाच बाजूला वळला तर पुढे जायचे नाही, जोडणी तपासायची. या अर्ध्या मिनिटाच्या पडताळणीने तासभराची फुकट मेहनत वाचते. स्टेलॅरियमच्या पत्रकात मी आता तसेच लिहितो :

"फाइलवर दोनदा टिचकी मारा. पडदा किंचित काळवंडून, 'या सॉफ्टवेअरला संगणकात बदल करू द्यायचे का?' अशा अर्थाचा प्रश्न इंग्रजीत येईल. हे होणारच आहे. पासवर्ड विचारला तर थांबा. तो ज्यांच्याकडे असेल त्यांना बोलवा."

"सॉफ्टवेअर सुरू झाल्यावर एफ ६ दाबा. पडदा अंधुक झाला तर एफ एन धरून पुन्हा दाबा. यादीतून आपले शहर निवडा. सापडले नाही तर अक्षांश-रेखांश भरा (नांदेड १९.१५ उत्तर, ७७.३० पूर्व, लातूर १८.४० उत्तर, ७६.५८ पूर्व) आणि कालविभाग 'एशिया/कोलकाता' निवडा. हेच ठिकाण कायम ठेवण्याच्या चौकोनात खूण करा. आता तळाची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळली पाहिजे."

"एफ ३ दाबून 'पोलॅरिस' असे इंग्रजीत लिहा व एंटर दाबा. उन्नतांश नांदेडला १९ च्या, लातूरला १८ च्या आसपास दिसले पाहिजेत. ४९ दिसले तर तुम्ही पॅरिसमध्ये आहात. मागच्या पायरीवर परत या."

पत्रक एका पानाचे दीड पान झाले. हरकत नाही. त्या काळवंडणाऱ्या पडद्याबद्दल मात्र शिक्षकांना एक सांगायचे आहे. 'जे विचारेल त्याला यस म्हणत जा' असे काही पत्रकांत लिहिलेले असते, आणि ते मला सरळ धोक्याचे वाटते. अशा पत्रकावर शिकलेला मुलगा उद्या कोणत्याही अनोळखी फाइलला यस म्हणेल. कोणता प्रश्न येणार, तो का येतो आणि कोणाचे नाव दिसले तर होकार द्यायचा, हे लिहायला दोन ओळी जास्त लागतात.

तुमच्या शाळेत किंवा घरी कोणते सॉफ्टवेअर बसवायचे असेल तर त्याचे पत्रक तुम्हीच लिहून पाहा. डावीकडे कृती, उजवीकडे 'काय दिसेल', अशी उभी रेघ मारा. उजवीकडची जागा जिथे रिकामी राहील तिथेच कोणीतरी अडणार आहे. मग ते पत्रक संगणकाशी फारसा संबंध न आलेल्या घरातल्या माणसाला द्या, आपले हात पाठीमागे बांधा, आणि तो जिथे थबकेल तिथे त्याला न टोकता कागदावर खूण करा.

स्टेलॅरियम बसवलेत तर आणखी एक पडताळा घ्या. कोणताही एक दिवस निवडा. त्या दिवशी सूर्य बरोबर दक्षिणोत्तर रेषेवर, म्हणजे दिवसातल्या सर्वांत उंच जागी, किती वाजता येतो ते आधी नांदेडसाठी आणि मग ठिकाण बदलून लातूरसाठी पाहा. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात आणि दोन्ही शहरांच्या रेखांशांत पाऊण अंशाहून किंचित कमी फरक आहे. नांदेडचा मध्यान्ह लातूरच्या आधी सुमारे ३ मिनिटे आला, तर ठिकाणे बरोबर भरली गेली आहेत.