एअर फ्रायरमधील फ्रेंच फ्राईज : कुरकुरीत कशा कराव्यात, किती खाव्यात?

गेल्या काही वर्षांत मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात मिक्सर आणि मायक्रोवेव्हच्या शेजारी एअर फ्रायर हे आणखी एक यंत्र येऊन बसले आहे. नाशिकच्या गंगापूर रोडवर मी आहारविषयक सल्ला देते. तेथे येणाऱ्या गृहिणींकडून या यंत्राबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते : "ताई, एवढे पैसे घालून यंत्र आणलं, पण फ्रेंच फ्राईज एक तर लिबलिबीत होतात, नाही तर वातड. शेवटी मुलं बाहेरच्याच मागतात." दुसरी तक्रार कोणी बोलून दाखवत नाही. ती रक्ताच्या तपासणीत दिसते.

मधुमेह असलेले एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे येतात. त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ७.१ वरून ८.३ वर गेली होती. औषधे वेळेवर चालू, सकाळचे फिरणे चालू. मग बिघडले कोठे? विचारल्यावर ते म्हणाले, "ताई, वडे-भजी केव्हाच सोडली. फक्त संध्याकाळी चहाबरोबर फ्राईज खातो, त्याही यंत्रातल्या. तेल नाही त्यात." किती खाता, असे विचारले. रोज दोन मोठे बटाटे! मी म्हटले, "काका, तेल कमी झालं, पण बटाटा कुठे कमी झाला?"

या दोन तक्रारींचे उत्तर आज एकत्रच पाहू. फ्राईज कुरकुरीत कशा होतात हे एकदा समजले, की या यंत्राकडून काय मिळते आणि काय मिळत नाही हेही आपोआप कळते.

यंत्र नेमके काय करते?

फिलिप्स कंपनीने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात हे यंत्र लोकांपुढे आणले. नावात 'फ्रायर' असले तरी त्यात तळणे होत नाही. वर एक तापणारी तार आणि तिच्यावर पंखा असतो. पंखा गरम हवा वेगाने खालच्या जाळीच्या टोपलीत फिरवतो. थोडक्यात, ही पंखा लावलेली छोटी भट्टी आहे. कढईत उष्णता तेलातून मिळते, येथे ती हवेतून मिळते. तेलापेक्षा हवा उष्णता सावकाश पोचवते. म्हणून पदार्थावर पाण्याचा अंश राहिला, तर ते पाणी उडवण्यातच वेळ जातो आणि फोडी भाजण्याऐवजी वाफवल्या जातात. लिबलिबीत फ्राईजचे मुख्य कारण हे.

आपल्या घरी हे शास्त्र नवीन नाही. उन्हाळ्यात बटाट्याचे वेफर्स घालताना आजी काय करीत असे ते आठवा. काप पाण्यातून दोन-तीनदा काढायचे, तुरटीच्या पाण्यात ठेवायचे, अर्धवट शिजवायचे आणि मग गच्चीवर सुती धोतरावर एकेक सुटा पसरून वाळवायचा. धुण्याने वरचे पिष्ट निघून जाते, तुरटीने काप मोडत नाही, अर्धे शिजवल्याने आतला कच्चेपणा जातो आणि वाळवल्याने कुरकुरीतपणा येतो. फ्राईजसाठी हेच चार संस्कार करायचे, फक्त पूर्ण वाळवायचे नाही. वरचा पापुद्रा कोरडा झाला की पुरे.

बटाटा कसा निवडावा?

ज्या बटाट्यात पाणी आणि साखर कमी, कोरडा अंश जास्त, तो फ्राईजला चांगला. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने यासाठी 'कुफ्री चिप्सोना' आणि 'कुफ्री फ्रायसोना' असे वाण तयार केले आहेत. भाजीबाजारात मात्र वाणाचे नाव क्वचितच मिळते. तेथे आग्र्याचा, इंदुरी, तळेगावचा असे गावावरून बटाटे ओळखतात. म्हणून पुढील खुणा लक्षात ठेवाव्यात.

अंगठ्याने घासताच ज्याची साल निघते तो नवा बटाटा. त्यात पाणी जास्त असते, तो रस्सा भाजीला ठेवावा. फ्राईजसाठी जाड सालीचा, घट्ट, लांबट आणि जुना बटाटा घ्यावा. खात्री करायची असेल तर एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवून त्यात बटाटा सोडावा. बुडाला तर कोरडा अंश जास्त, तरंगला तर पाणी जास्त. हिरवट झालेला किंवा खूप कोंब आलेला बटाटा कशालाच वापरू नये, कारण त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेले असते. फ्राईजसाठीचे बटाटे फ्रिजमध्येही ठेवू नयेत. थंडीत बटाट्यातील पिष्टाची साखर होऊ लागते. असा बटाटा कुरकुरीत होण्याआधीच तपकिरी पडतो. हवेशीर, अंधाऱ्या जागी टोपलीत ठेवावा.

कृती (चार माणसांसाठी)

साहित्य : सोललेले बटाटे ४०० ग्रॅम, तेल दोन लहान चमचे (१० ग्रॅम), मीठ पाव लहान चमचा, व्हिनेगर किंवा लिंबाचा रस एक लहान चमचा.

१) बटाट्याच्या सुमारे एक सेंटिमीटर जाडीच्या लांब फोडी कराव्यात. सर्व फोडी सारख्या जाडीच्या हव्यात, नाहीतर बारीक फोडी करपतात आणि जाड फोडी कच्च्या राहतात.

२) पाणी नितळ दिसेपर्यंत फोडी दोन-तीनदा धुवाव्यात आणि अर्धा तास गार पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

३) एक लिटर पाण्याला उकळी आणून त्यात व्हिनेगर घालावे. फोडी त्यात तीन ते चार मिनिटे शिजवाव्यात. व्हिनेगर येथे तुरटीचे काम करते, फोडी मोडत नाहीत. सुरी सहज टोचली गेली पाहिजे, पण फोड उचलल्यावर तुटता कामा नये.

४) चाळणीत निथळून फोडी सुती फडक्यावर सुट्या पसराव्यात आणि पंख्याखाली पंधरा मिनिटे ठेवाव्यात. हाताला ओल लागता कामा नये. घाईत हीच पायरी गाळली जाते आणि सगळे तेथेच बिघडते.

५) कोरड्या फोडींना परातीत तेल चोळावे. सर्व बाजूंना नुसता हात फिरला पाहिजे. मीठ आता घालू नये, त्याने फोडींना पाणी सुटते.

६) यंत्र तीन-चार मिनिटे रिकामे तापवावे. फोडी टोपलीत एका थरात मावतील एवढ्याच घालाव्यात. फोडींमधून हवा खेळली पाहिजे. ४०० ग्रॅमचे दोन घाणे करावे लागतील, त्याचा कंटाळा करू नये.

७) १६० अंशांवर आठ ते दहा मिनिटे ठेवावे, टोपली एकदा हलवावी. मग २०० अंशांवर सहा ते आठ मिनिटे, पुन्हा मध्ये एकदा हलवून. प्रत्येक यंत्राची धग वेगळी असते, म्हणून पहिल्या वेळी शेवटची मिनिटे जवळ उभे राहावे.

८) दोन्ही घाणे झाल्यावर सगळ्या फोडी एकत्र करून दोन मिनिटे पुन्हा २०० अंशांवर ठेवाव्यात. मग मीठ भुरभुरून लगेच वाढाव्यात. झाकून ठेवल्यास वाफेने मऊ पडतात.

यंत्र १६ अँपिअरच्या प्लगवर लावावे, एक्स्टेन्शन बोर्डावर नको. मागून गरम हवा बाहेर पडते, तेव्हा भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे. टोपलीला तारेची घासणी लावू नये.

उष्मांकांचा हिशेब

१०० ग्रॅम कच्च्या बटाट्यात सुमारे ७७ उष्मांक आणि १७ ग्रॅम कर्बोदके असतात. वरील कृतीत माणशी अडीच ग्रॅम तेल येते, त्याचे २२ उष्मांक. म्हणजे एका माणसाच्या वाट्याला सुमारे १०० उष्मांक. तेवढाच बटाटा कढईत तळला तर आठ-नऊ ग्रॅम तेल पोटात जाते आणि उष्मांक दीडशेच्या पुढे जातात. तेलाची बचत खरी आहे आणि ती हृदयविकार व लठ्ठपणा असलेल्यांच्या कामाची आहे. शिवाय कढईत उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवण्याचा प्रश्नच राहत नाही. वारंवार तापवलेल्या तेलात अपायकारक द्रव्ये साठतात. म्हणून अशा द्रव्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून मनाई केली आहे.

आता हिशेबाची दुसरी बाजू पाहा. १७ ग्रॅम कर्बोदके म्हणजे जवळजवळ एक मध्यम पोळी. ती कढईत जेवढी, तेवढीच यंत्रात. आमचे शिक्षक काका रोज दोन मोठे बटाटे, म्हणजे जवळजवळ तीनशे ग्रॅम खात होते. जेवणाव्यतिरिक्त रोज तीन पोळ्या! 'बिनतेलाचे आहे' या समाधानात माणूस दुप्पट खातो आणि वाचवलेले सगळे तेथेच गमावतो. अति तेथे माती, ती यंत्र आणल्याने चुकत नाही.

बाजारात गोठवलेल्या फ्राईजची पाकिटे मिळतात. त्या बहुधा कारखान्यात एकदा तेलातून काढलेल्या असतात. घरी आणून यंत्रात टाकल्या म्हणून त्या बिनतेलाच्या होत नाहीत. पाकिटावरील तेल आणि सोडियमचे आकडे वाचूनच घ्याव्यात. त्यांना वरून तेल लावण्याची गरज नाही.

रंगाकडे लक्ष ठेवा

२००२ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की पिष्टमय पदार्थ जास्त तापमानाला तळले किंवा भाजले की त्यात ॲक्रिलामाइड नावाचे द्रव्य तयार होते. १२० अंशांच्या वर बटाट्यातील साखर आणि ॲस्पॅराजिन या अमिनो आम्लाच्या संयोगाने ते बनते. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने कर्करोग झाल्याचे दिसले आहे. माणसांच्या आहारातील प्रमाणाबाबत पुरावा अजून निर्णायक नाही. घाबरून जाण्याचे कारण नाही, पण काळजी घेणे सोपे आहे. फोडी पाण्यात भिजवल्याने साखर कमी होते आणि रंग सोनेरी येताच थांबल्याने ॲक्रिलामाइड कमी बनते. एअर फ्रायरलाही हा नियम लागू आहे. तपकिरी, करपलेल्या फोडी बाजूला काढाव्यात.

कोणी किती खाव्यात?

निरोगी मुलांनी आणि मोठ्यांनी आठवड्यातून एकदा, माणशी १०० ग्रॅम बटाट्याच्या, म्हणजे बारा-चौदा फोडी खाण्यास हरकत नाही. मधुमेह असलेल्यांनी सहा-सात फोडींवर थांबावे. त्याही चहाबरोबर न खाता जेवणात, अर्धी पोळी कमी करून, उसळ आणि काकडीच्या कोशिंबिरीबरोबर खाव्यात. उच्च रक्तदाब असलेल्यांनी मिठाकडे पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाचे सर्व मीठ ५ ग्रॅमच्या आत हवे. चाट मसाला आणि टोमॅटो सॉस यांतही मीठ असते. त्याऐवजी जिरेपूड, मिरपूड आणि पुदिना घातलेले दही घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बटाटा खाऊ नये, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असते.

ज्यांच्याकडे हे यंत्र नाही त्यांनी ते मुद्दाम आणण्याची गरज नाही. वरील पहिल्या चार पायऱ्या करून कोरड्या फोडी जाड लोखंडी तव्यावर दोन चमचे तेलात, मध्यम आचेवर, न झाकता आणि उलथन्याने परतत भाजल्या तरी छान खरपूस होतात. हाताशी पंधरा मिनिटांचा धीर मात्र हवा.

आमच्या शिक्षक काकांनी फ्राईज सोडल्या नाहीत. मी सोडायलाही सांगितले नाही. आता रविवारी दुपारच्या जेवणात नातवाबरोबर मोजून सात फोडी खातात आणि एक पोळी कमी घेतात. पुढच्या तीन महिन्यांनी त्यांचा आकडा ७.४ वर आला. तेवढ्या काळात औषधाची मात्रा वाढवावी लागली नाही. ज्या घरात मधुमेहाचे माणूस आहे, त्या घरात यंत्राच्या शेजारी एक छोटा वजनकाटाही ठेवावा. तेलाचे काम यंत्र करील, बटाटा मात्र आपणच मोजायचा आहे.