उपयोगी संकेतस्थळ : आखणी आणि उभारणी
(द्वितीय वर्ष, कला)

संकेतस्थळ तयार करणे हे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे काम, असा आपल्याकडे एक समज आहे. यंदा प्रकल्पासाठी आम्ही कला शाखेच्या चौघांनी असे एक स्थळ उभे केले, तेव्हा त्यातला अवघड भाग संगणकाचा नाही, हे प्रत्ययास आले.

विषय घरातूनच मिळाला. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. प्रथम वर्षाला भरलेला माझा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला, कारण उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चलाच संपली होती. नव्या दाखल्यापायी वडिलांच्या मजुरीचे दोन खाडे झाले. कोणते कागद, कोठून आणि कोणत्या क्रमाने काढावयाचे, हे आधी कळते तर ते टळले असते. तेवढेच सांगणारे स्थळ करावयाचे ठरले.

पहिला आराखडा वहीत काढला. त्यात सर्वांत वर प्रवेशद्वाराचे भव्य छायाचित्र आणि त्याखाली आमची चौघांची नावे होती! सरांनी वही पाहिली व एकच विचारले, “हे कोण उघडणार आणि कशासाठी?” उत्तर लिहिताना डोळ्यांपुढे आला तो बारावी झालेला, वडिलांचा फोन घेऊन रेंज शोधीत अंगणात उभा असलेला मुलगा. मग हिशेब केला. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सामान्यतः ३ बाइट लागतात. म्हणजे २००० चिन्हांचा मजकूर सुमारे ६ केबी. प्रवेशद्वाराचे छायाचित्र ४ एमबी होते. तेवढ्यात अशी सहाशेहून अधिक पाने बसतात. छायाचित्र गेले, नावे तळाशी गेली. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न येथे ही कल्पना मांडली ती संशोधकांना एकमेकांची माहिती सापडावी म्हणून, आणि त्यांच्या पहिल्या स्थळावर निव्वळ मजकूर व दुवे होते, हे मागाहून वाचनात आले तेव्हा थोडा धीर आला.

एचटीएमएलच्या खुणा पंधरवड्यात हाताखाली आल्या. त्याविषयी फार लिहीत नाही. खरा घोटाळा मराठीने केला. आमच्यातल्या एकाने सगळा मजकूर डीटीपीच्या दुकानातील जुन्या फॉन्टमध्ये टंकून आणला. फोनवर पाहतो तो रोमन अक्षरांचा नुसता गोंधळ! त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, म्हणून तो फॉन्ट नसेल तेथे मजकूर वाचता येत नाही आणि शोधूनही सापडत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी चिन्हांना स्वतःचे क्रमांक आहेत. चार संध्याकाळी बसून सर्व पुन्हा टंकले.

तयार पान वडिलांच्या हाती दिले. ते सातवीपर्यंत शिकलेले. “यात उत्पन्नाचा दाखला कोठे मिळतो ते शोधा,” एवढेच म्हणालो व गप्प बसलो. बराच वेळ गेल्यावर कोपऱ्यातील तीन आडव्या रेघांवर बोट ठेवून त्यांनी विचारले, “या रेघा कशाच्या रे?” यादी त्या रेघांमागेच दडलेली होती. त्या रात्री रेघा काढून टाकल्या आणि ‘कागदपत्रांची यादी’ असे सरळ अक्षरांत लिहिले. दुसऱ्या दिवशी त्यांना ती विनासायास सापडली.

एका मैत्रिणीने आधार क्रमांक भरून घेणारा तक्ता सुचवला होता. आम्हांला त्याची गरज नव्हती आणि सांभाळण्याची ऐपतही नव्हती, म्हणून तो घेतला नाही. नियम दरवर्षी बदलू शकतात व चुकीच्या माहितीने कोणाचा तरी हेलपाटा वाढेल. म्हणून प्रत्येक पानाच्या तळाशी माहिती कोठे विचारली आणि कोणत्या तारखेला तपासली, ते लिहिले आहे. आम्ही पुढल्या वर्षी तिसऱ्या वर्षाला जाऊ; यासाठी प्रथम वर्षाचे दोघे आताच सोबत घेतले असून परवलीचा शब्द सरांपाशीही ठेवला आहे.

नॉन-क्रीमी लेअरचे पान मात्र अद्याप कोरे आहे. दोन ठिकाणी विचारले, दोन निराळी उत्तरे मिळाली. सोमवारी पुन्हा जाणार आहोत.