जमीन दूषित आहे, हे कसे ठरवतात?

जमीन घेताना आपण पाणी पाहतो, वाट पाहतो. पूर्वी तिथे काय होते, हे विचारत नाही. इंग्लंडमध्ये १ एप्रिल २००० पासून हा शोध घेणे स्थानिक कौन्सिलांना कायद्याने बंधनकारक आहे. जुन्या नकाशांवरून त्या गॅसचे व चामडे कमावण्याचे कारखाने, कचऱ्याचे खड्डे हुडकतात, मातीचे नमुने तपासतात.

प्रश्न तीन: विष आहे काय? ते पसरायला वाट आहे काय? त्या वाटेवर माणूस, पीक, गुरे किंवा पाणी आहे काय? तिन्ही जुळले आणि धोका मोठा असला, तरच जमीन दूषित ठरते. उपायही यातच आहे: माती काढणे किंवा झाकणे, म्हणजे साखळी तोडणे. खर्च आधी दूषित करणाऱ्यावर. तो सापडला नाही, तर मालकावर.

म्हणून आपणही खरेदीखतापूर्वी गावातल्या वडीलधाऱ्यांना जमिनीचा पूर्वेतिहास विचारू या.