७० अक्षरांतली मराठी

सुट्टीत घरी गेलो की आजी बँकेचे साठवलेले एसएमएस माझ्याकडून वाचून घेते. सगळे इंग्रजीत! मराठीत का नाहीत? एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. म्हणजे इंग्रजी अक्षरं १६०, देवनागरी मात्र ७०. त्यात काना-मात्राही वेगळे मोजतात. मजकूर लांबला की दोन एसएमएसचे पैसे.

आता कंपन्या आरसीएस, म्हणजे रिच कम्युनिकेशन सर्व्हिसेस, वापरू लागल्यात. २०२४ पासून आयफोनवरही ते आहे. लांब मराठी मजकूर, चित्रं, उत्तरासाठी बटणं, पडताळणी झालेल्या कंपनीचं नाव, सगळं त्यात बसतं. पण त्याला स्मार्टफोन आणि डेटा लागतो. आजीचा फोन साधा! तिच्यासाठी कंपन्यांनी दुसऱ्या एसएमएसचे पैसे मोजायलाच हवेत. तोवर आजीचा आरसीएस मीच!